भास्करदादांनी मागितलेली गाडी

भास्करदादा थेटे कुणाशीही हात मिळवायचे आणि तो सोडायच्या आत काहीतरी मागून घ्यायचे. समोरचा मोटारीतून उतरलेला असला तर हमखास. "शेठ, जुने बूट टाकता ना? नऊ नंबर हाय का? आमच्या कॅडी लोकांना लागतात." "डॉक्टरसाहेब, पोरीच्या लग्नाला गुलाब माझ्याकडून, सगळा मांडव भरून देतो. बदल्यात एक रविवार सुरगाण्याला चला." माणूस हसायचा, हात मागे ओढायचा, पण दादांची मूठ शेतकऱ्याची होती. हो म्हटल्याशिवाय सुटका नव्हती.

मला ही सवय अजिबात आवडायची नाही. आजही आवडते असं नाही. पण ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना सांगायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

दादा व्यावसायिक गोल्फ खेळाडू होते. हे वाक्य मी आमच्या मखमलाबादच्या घरी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने मान वर करून विचारलं, "म्हणजे पोटाला काय करतो?" नाशिककराला गोल्फ क्लब म्हटलं की शहरातलं मैदान आठवतं. सकाळी लोक तिथे चालायला जातात आणि आमच्यासारखे लोक तिथे मोर्च्याला जमतात. तिथे चेंडू मारताना मी कुणाला पाहिलेलं नाही. खरं गोल्फ चालतं ते गावाबाहेर, धरणाच्या बाजूला, कुंपणाच्या आत. त्या कुंपणाच्या आतली काही जमीन एकेकाळी थेट्यांची होती. दादांचे वडील तिथे गवत कापायला लागले आणि दादा खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलायला, म्हणजे कॅडी म्हणून. बॅगा उचलता उचलता ते खेळायला शिकले आणि इतके चांगले शिकले की देशभरच्या स्पर्धांत खेळू लागले. गिरणाऱ्याकडे उरलेल्या दोन एकरांत त्यांचा गुलाब होता. खेळात जे कमी पडेल ते गुलाब भरून काढायचा.

आमची पहिली भेट त्या कुंपणाच्या फाटकावर झाली. उन्हाळ्यात गावांना टँकर आणि मैदानाला हिरवळ, या विषयावर मी पत्रक लिहिलं होतं आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या काचेतून ते सरकवत होते. एक माणूस मोटारसायकलवरून आला, थांबला आणि पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. तोपर्यंत असं कुणीच केलं नव्हतं.

"लिहिती बरी तू. राग लय भारी हाय."

"मग सही करा खाली."

"करतो की. पण ह्यात तू सगळ्यांना शिव्या दिल्या. मागितलं काय आणि कुणाकडं, ते कुठं हाय?"

"आम्ही मागत नाही. हक्क सांगतो."

"बरं, पुढारीणबाई," ते म्हणाले आणि सही केली. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पुढारीणबाई झाले आणि आमचं भांडण सुरू झालं. पाच वर्षं ते चाललं.

भांडण एकाच गोष्टीवरचं होतं. दादांची बॅग उचलायला काशिनाथ गावित असायचा. सुरगाण्याच्या डोंगरातला माणूस. द्राक्षबागेत छाटणीला म्हणून नाशिकला आला आणि मैदानावर राहिला. त्याच्या पाड्यापासून डांबरी सडक दीड तास खाली. बायकोला बाळंतपणात झोळीत घालून चौघांनी खाली आणली, तर सडकेवर गाडी नव्हती. ती तिथेच गेली, पोटातलं मूलही गेलं. त्या वर्षापासून भास्करदादांना एकच वेड लागलं: पाड्याच्या पायथ्याशी कायम उभी राहील अशी एक गाडी. आत झोपायची सोय, ऑक्सिजन, आणि तिथलाच एक ड्रायव्हर. त्यासाठी ते प्रत्येक स्पर्धेत, प्रत्येक जेवणावळीत मागत फिरायचे.

मी म्हणायचे, "दादा, ही सरकारची जबाबदारी आहे. तुम्ही शेठकडून गाडी आणली की सरकार सुटलं. आणि माणसाचा जीव शेठच्या मर्जीवर राहिला."

"बरोबर हाय तुझं. मग तू सरकारकडून आण, मी शेठकडून आणतो. ज्याची आधी येईल ती उभी करू."

"तुम्हाला हात पसरायला लाज वाटत नाही?"

"हात माझा, गरज दुसऱ्याची. लाज कुणाला वाटायची त्यात?"

असं ते बोलायचे. यावर मी चिडायचे, कारण सरकारकडून माझीही आलेली नव्हती. निवेदनं दिली, धरणं धरलं, तहसीलदारांनी चहा पाजला. पोचपावत्यांची फाईल जाड झाली. पाड्यावरचे लोक झोळ्याच वाहत राहिले.

मग तो आठवडा आला. मोठी स्पर्धा त्या वर्षी नाशिकलाच होती आणि नेमकी तेव्हाच काशिनाथला कावीळ झाली. तो पाड्यावर गेला, झाडपाल्याचं औषध घेतो म्हणाला. दादांनी मला फोन केला.

"पत्रकांचे गठ्ठे उचलती ना? मग ह्या आठवड्यात बॅग उचल माझी."

"मला त्यातलं काय कळतं?"

"कळायचं काय त्यात? मी म्हणीन ती काठी द्यायची आणि चेंडू मारताना तोंड बंद ठेवायचं. दुसरं तुला जड जाईल."

मी हो म्हटलं. खरं कारण लिहिते: कॅडीला आत जायचा पास मिळतो. पाच वर्षं मी फाटकाबाहेर उभी होते. त्या आठवड्यात आतल्या प्रत्येक टेबलावर माझं पत्रक ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. मथळाही तयार होता: 'रुग्णवाहिका ही भीक नाही'.

काशिनाथने पाड्यावरच्या रेंज येणाऱ्या खडकावर चढून मला फोन केला. आवाज खोल गेलेला. "बाई, एक ध्यानात ठेव. रोज सकाळी सुरू व्हायच्या आधी काठ्या मोजायच्या. चवदा. हात लावून मोजायच्या, डोळ्यानं नाय. पंधरावी निघाली तर दादाला दंड." मी बरं म्हटलं.

मंगळवारी सरावात मी दादांना पहिल्यांदा जवळून खेळताना पाहिलं. हिरवळीवर ते चेंडूच्या मागे उकिडवे बसायचे आणि जमिनीकडे बराच वेळ बघत राहायचे. बाकीचे खेळाडू वही काढायचे, आकडे बघायचे. मी विचारलं, काय बघता? "पाणी," ते म्हणाले. "इथून बारं दिलं तर पाणी कुठून जाईल ते बघतो. चेंडू तिकडंच जातो. त्याला कोणाचा चेंडू, कोणाचं मैदान काय कळत नाय. ढाळ कळतो फक्त." आणि त्यांनी चेंडू भलतीकडेच मारला, आणि तो वळत वळत होलात गेला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी वाजवल्या नाहीत.

बुधवार शेठ लोकांचा. त्या दिवशी प्रत्येक खेळाडूसोबत तीन पाहुणे खेळतात, देणगी देऊन. दादांच्या वाट्याला एक कारखानदार आला. नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्याला आनंदच होईल. दिवसभर त्याचे चेंडू झाडीत आणि दादा झाडीत त्याच्या मागे. पाचव्या होलपर्यंत दादांनी गाडीचा विषय काढला होता, बाराव्यापर्यंत ड्रायव्हरच्या पगारावर आले होते. रात्री तंबूतल्या जेवणाला शेठ माइकवर गेला आणि म्हणाला, "आमच्या भास्करने या स्पर्धेत कट पार केला, तर त्याच्या आदिवासी बांधवांना गाडी माझ्याकडून!"

कट म्हणजे काय ते सांगते. स्पर्धा चार दिवसांची. ज्याचे फटके कमी तो पुढे. दोन दिवसांनंतर मागे पडलेले निम्म्याहून जास्त खेळाडू घरी पाठवतात. जे राहतात त्यांनी कट पार केला. म्हणजे काशिनाथच्या पाड्यावरच्या बाईला दवाखाना मिळणार की नाही, हे भास्कर थेटे नावाच्या बेचाळीस वर्षांच्या माणसाचे चेंडू दोन दिवस कुठे पडतात त्यावर ठरणार होतं. सगळा तंबू टाळ्या वाजवत होता. मी ताट बाजूला सारलं. दादांचे डोळे मात्र भरून आले होते.

"दादा, हा जुगार आहे. तुमच्यावर लावलेला."

"लागू दे. घोडा पळायला तयार हाय."

गुरुवारी घोडा पळाला. दादा इतके सुंदर खेळले की दिवसअखेर पहिल्या विसांत होते. शुक्रवारी नुसतं नीट खेळले तरी पुरणार होतं. संध्याकाळी सरावाच्या जागेवर शेठ आला, पाठीवर थाप मारली आणि नवीन आणलेली चकचकीत काठी पुढे केली. "हिचा तोल बघ रे जरा, भास्कर. मला जड वाटते." दादांनी दोन फटके मारून पाहिले. तेवढ्यात कुणी फोटोसाठी बोलावलं आणि शेठने ती काठी आमच्या बॅगेत खुपसली. मी बघत होते. मी बघत होते आणि विसरले.

शुक्रवारी सकाळी फाटकावरच्या रखवालदाराने माझी पिशवी उघडली. आत दोनशे पत्रकं. "हे आत नेता येणार नाही, मॅडम." मग काय, मला तेच हवं होतं. नियम दाखवा, लेखी द्या, साहेबांना बोलवा. पंधरा-वीस मिनिटं मी त्या बिचाऱ्या पोटार्थी माणसाशी संविधानावर बोलले. पत्रकं जप्त झाली. मी धापा टाकत पहिल्या होलवर पोचले तेव्हा दादांचं नाव पुकारलं होतं. मी काठ्या मोजल्या नाहीत. हातानेही नाही, डोळ्यानेही नाही.

दुसऱ्या होलवर, हिरवळीच्या अलीकडे, दादांनी स्वतः बॅगेत हात घातला आणि तो हात तसाच थांबला. त्यांनी ती चकचकीत काठी अर्धी वर काढली. आम्ही एका टेकाडाच्या आड होतो. बाकीचे दोघे खेळाडू पलीकडच्या अंगाला. पंच दूर.

माझ्या एका क्षणात लक्षात आलं. म्हणाले, "द्या इकडे. झुडपात टाकते. कुणी बघितलं नाही."

"तू बघितलं. मी बघितलं."

"दादा, होलला दोन, म्हणजे चार फटक्यांचा दंड आहे! गाडी जाईल! त्या शेठचीच काठी आहे ही, त्याने घातली, आणि दंड तुम्ही भरायचा? कुठला न्याय हा?"

"काठी कोणाची ते विचारत नाय नियम. बॅग कोणाची ते विचारतो."

"माणसं मरतायत तिथे आणि तुम्हाला नियम सुचतोय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, राग असता तर मला सोपं गेलं असतं. "पोरी, शेठ लोकांना मी पाच वर्षं सांगतोय, शब्द दिला की पाळायचा. मी हिथं काठी लपवली तर उद्या कोणत्या तोंडानं मागू?" आणि त्यांनी हात वर करून पंचाला हाक मारली.

चार फटके. उरलेला दिवस ते जिवाच्या आकांताने खेळले. त्यातले दोन फटके भरूनही काढले. दोन राहिले. तेवढ्याच दोन फटक्यांनी कट हुकला. संध्याकाळी फलकावर नावं लागली, त्यात थेटे नव्हतं. मी त्यांची क्षमा मागायला गेले. ते बॅगेतून काठ्या काढून एकेक पुसत होते. म्हणाले, "काशिनाथला सांगू नको. त्याला वाटेल, त्याच्यामुळं झालं."

शेठला मी जाऊन सांगितलं की काठी तुमची होती. तो आधी दचकला, मग इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. "माझी? काय सांगता! अरे, मग तर किस्साच झाला!" त्या रात्री तंबूत तो किस्सा टेबलाटेबलावर सांगितला गेला. नियम म्हणजे नियम, शेठ म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.

शनिवारी काशिनाथचा फोन आला. दादांनी विचारलं, कसं हाय? तो म्हणाला, बरा हाय, जेवण जात नाय एवढंच, लघवी लाल होती. दादांनी मोटारसायकल विकून जुनी मोटार घेतली होती. "उद्या सकाळी येतो. सिव्हिलला आणतो तुला." "नको दादा, स्पर्धा होऊ दे, सोमवारी ये," काशिनाथ म्हणाला. त्याला वाटत होतं, दादा अजून खेळतायत.

आणि शनिवारी दुपारीच आयोजकांचा निरोप आला. स्वतःवर दंड ओढवून घेतल्याबद्दल भास्कर थेटे यांचा रविवारी बक्षीस समारंभात सत्कार. प्रामाणिकपणाबद्दल. शेठच्या हस्ते.

दादा म्हणाले, "मी नाय थांबत. काशाकडं जातो. त्याचा आवाज मला बरा नाय वाटला."

आता हे मी लिहिते ते नीट वाचा, कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी त्यांना थांबवलं. मी म्हणाले, "दादा, माइक मिळतोय तुम्हाला. पाहुणे आहेत, पेपरवाले आहेत, अधिकारी आहेत. सगळ्यांसमोर मागा गाडी. नाही म्हणायची त्याची हिंमत होणार नाही. दुपारचा तर कार्यक्रम. संपला की लगेच निघू, मी पण येते." जन्मभर मी मागण्याला नावं ठेवली आणि त्या एका दिवशी मीच त्यांना मागायला लावलं. माझा माइकवर फार विश्वास. आम्हाला तेवढंच शिकवलेलं असतं: चार माणसं जमली की बोलायचं.

ते थांबले. कार्यक्रम दुपारचा होता तो उन्हं उतरेपर्यंत सुरूच झाला नाही, कारण प्रमुख पाहुणे मुंबईहून निघायचे होते. शाल, श्रीफळ, टाळ्या. दादांच्या हातात माइक दिला. ते म्हणाले, "शाल लय चांगली हाय. ही परत घ्या आणि गाडी द्या."

तंबू हसला. शेठ सगळ्यात मोठ्याने हसला. "बघा, हा आमचा भास्कर! पुढच्या वर्षी कट पार कर, गाडी तयार आहे!"

"शेठ, माणूस पुढच्या वर्षी नाय आजारी. आज हाय."

यावरही मागचे काही हसले. निवेदकाने माइक हळूच काढून घेतला आणि विजेत्याचं नाव पुकारलं. पेपरवाल्यांनी दादांचा शालीतला फोटो घेतला. तो छापूनही आला. माइकवर ते काय बोलले ते आलं नाही.

सगळं आटपेपर्यंत अंधार झाला. घाटाचा रस्ता, दादांची जुनी गाडी. पहाटे निघू असं ठरलं. पहाटे निघालो. वणीत चहाला थांबलो होतो, तेव्हा काशिनाथच्या पुतण्याचा फोन आला. रविवारी संध्याकाळी तो बडबडायला लागला, माणसं ओळखेना. चौघांनी झोळी करून सडकेवर आणला. शेवटची जीप गेलेली होती. एकशे आठला फोन लागत नव्हता, कारण सडकेवर रेंज नाही. रात्रभर ते मोरीच्या कठड्यापाशी बसून राहिले. सकाळची जीप आली तेव्हा तो गेला होता.

दादांनी चहाचा कप खाली ठेवला. बाजूला गडावर जाणाऱ्या भाविकांच्या जीपवाल्यांचा ओरडा चालला होता, एक सीट, एक सीट. ते मला काही बोलले नाहीत. तिथे नाही, पाड्यावर नाही, परतीच्या रस्त्यावरही नाही. मी वाट बघत होते की ते मला शिवी देतील.

गाडी मिळाली असती तरी सोमवारपर्यंत आली नसती, हे मला समजतं. लोक मला हेच सांगतात. पण दादांची मोटार होती. रविवारी सकाळी ती नाशिकमध्ये, मैदानाबाहेर, सावलीत उभी होती.

त्यानंतर दादा एकाही स्पर्धेत उतरले नाहीत. मी पत्रक काढलं, सगळं लिहून, काठ्या न मोजल्याची माझी चूकसुद्धा. फक्त त्या शनिवारी मी दादांना थांबवलं, ते लिहिलं नाही. तालुक्याला मोर्चा नेला. साहेबांनी निवेदन घेतलं, चहा पाजला. दीड वर्षाने मी धीर करून गिरणाऱ्याला त्यांच्या मळ्यात गेले. सकाळची वेळ, गुलाबाच्या जुड्या खोक्यांत भरणं चाललेलं. दादा वाळले होते. मी म्हणाले, "दादा, नवीन एक कंपनी आहे, गाड्या देते म्हणतात. तुम्ही बोललात तर ऐकतील. तुमच्यासारखं मागता येत नाही मला."

त्यांनी खोक्याला दोरी आवळली. "नाय बाई. तूच बरोबर होतीस. मागायचंच नव्हतं कोणाकडं."

पाच वर्षं मला त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं.

"नव्हते हो मी बरोबर," मी म्हणाले. "दादा, एकदा चला. एकदाच. पाड्यावर अजून झोळ्याच आहेत."

रस्त्यावर पिकअपवाल्याने हॉर्न दिला. दादांनी दोन खोकी खांद्यावर घेतली, तिसरं उचलायला मी वाकले तर म्हणाले, "राहू दे, काटे लागतील," आणि परत येऊन तेही घेऊन गेले.